दोन छेद पाच

आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, देवळीच्या वरच्या बाजूला एक फोटो टांगलेला असायचा. काळी चौकट, काचेला धुराचा पिवळा रंग चढलेला. फोटोत पलटणीतली माणसं तीन ओळींत. मागची ओळ उभी, पुढची जमिनीवर मांडी घालून, मधली खुर्च्यांवर. मधल्या ओळीत एक गोरा साहेब, त्याच्या दोन्ही अंगाला मिशीवाले आपले सरदार लोक. मागच्या ओळीत डावीकडून चौथे ते आमचे नाना, माझे थोरले चुलते. खाली पांढऱ्या शाईनं इंग्रजी अक्षरं होती : बी कॉय. २/५ एम. एल. आय.

माझ्या वडिलांची शाळा चौथीपर्यंत. त्यांनी त्यातलं स्वतःला कळेल तेवढं वाचलं होतं. २/५ म्हणजे दोन मे. साल का नाही, हा प्रश्न कुणाला पडला नाही. एक मेला शाळेत झेंडा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना वडील फोटोकडं बघून म्हणायचे, "आज नानाचा फोटो निघाला." नाना तिथंच बसलेले असायचे. ते काही बोलायचे नाहीत. एम. एल. आय. चं कोडं आम्ही पोरांनी आपापल्या परीनं सोडवलं होतं. माझा धाकटा भाऊ म्हणायचा, एल. आय. सी. वाल्यांचा फोटो आहे, सी पुसला गेलाय.

काही लोकांच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरं काढलेली होती. कुणावर एक, कुणावर दोन, एकावर तीन. ती त्या त्या माणसाच्या नावाची अक्षरं असावीत, असं आम्ही धरून चाललो होतो.

सातारा जिल्ह्यात पलटणीतल्या माणसाची पत वेगळी. कित्येक गावांत चावडीवर नाहीतर देवळाच्या भिंतीत पांढऱ्या दगडाची पाटी असते. १९१४ ते १९१९ च्या लढाईत या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर कोरलेलं. अशा मुलखात आमच्या नानांना मात्र लोक 'खडीवाले नाना' म्हणायचे. त्याची गोष्ट आजी सांगायची.

नाना १९४० साली भरती झाले. १९४२ च्या पावसाळ्यात घरी कार्ड आलं. गावात इंग्रजी येणारे एकच, शाळेचे मास्तर. त्यांनी वाचलं, मुलगा बेपत्ता आहे. आजीनं अंथरूण धरलं. दिवाळी झाल्यावर दुसरं कार्ड आलं. मास्तर ते हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले, असं आजी सांगायची. मग म्हणाले, "पोरगा सापडलाय. सुखरूप आहे. पी. डब्ल्यू. लिहिलंय. म्हणजे पब्लिक वर्क. रस्त्याच्या कामावर घातलाय, आता बंदूक धरायची नाही." आजीनं त्या दिवशी आळीत गूळ वाटला. साहेबाच्या राज्यात पी. डब्ल्यू. डी. ची सडक सगळ्यांना ठाऊक होती, तेव्हा कुणालाच शंका आली नाही.

नाना परत आले ते वाळून. पारावर लोकांनी विचारलं, "काय रं, रस्तं केलं म्हणं तू?" नानांनी आपल्या आईकडं बघितलं आणि म्हणाले, "व्हय. रस्तंच." तेवढ्यावर चाळीस वर्षं निघाली.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या शिवारात खडी फोडायचं काम निघालं, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. नानांना लढाईतल्या रस्त्याचा अनुभव म्हणून गावानं त्यांचं नाव पुढं केलं. पहिल्याच दिवशी त्यांनी हातोडी अंगठ्यावर मारून घेतली. शेजारी खडी फोडणारी एक म्हातारी हसून म्हणाली, "नाना, इंग्रजानं तुला फुकटच पगार दिला म्हणायचा!" सगळं काम हसलं. नानाही हसले. अंगठ्याला चिंधी गुंडाळून संध्याकाळपर्यंत त्यांनी खडी फोडली. मला तेव्हा नानांची लाज वाटली होती. हे आज लिहून ठेवतो.

लढाईतली त्यांची एकच गोष्ट आम्हाला माहीत होती. एका डोंगरातल्या गावात एक म्हातारी मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं करायची, ते भल्यामोठ्या लाकडी पाटावर ओतायची, आणि सगळे भोवतीनं बसून आपापल्या बाजूनं खात आत सरकायचे. "तिनं खाऊ घातलं म्हणून मी हाय," असं नाना म्हणायचे. रस्त्याच्या कामावरची सैपाकीण असेल, असं आम्ही समजायचो.

नाना १९८८ ला गेले. लढाई संपल्यावर त्यांना पलटणीतून मोकळं केलेलं, त्यामुळं पेन्शन नव्हतं. पुढं कळलं, की दुसऱ्या महायुद्धातल्या अशा बिनपेन्शनच्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा काही रक्कम देतं. नानीला घेऊन मी एका कचेरीत गेलो. एकदा नाही, पाच-सहा वेळा. डिस्चार्जचं पुस्तक वाळवीनं खाल्लेलं. तिथल्या माणसानं विचारलं, नंबर काय? रेजिमेंट कुठली? बटालियन कुठली? आम्ही म्हणालो, रस्त्याच्या कामावर होते. तो म्हणाला, मग ते सैनिक कशावरून? फोटो दाखवला तर म्हणाला, यात नंबर कुठाय? माणूस वाईट नव्हता. त्याला कागदावर लिहायला काहीतरी हवं होतं आणि आमच्याकडं ते नव्हतं. नानी शेवटच्या वेळी जिना उतरताना म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा. एष्टीचं भाडं जातंय नुसतं." २००४ साली नानी गेली.

२०१३ च्या पावसात जुन्या घराची मागची भिंत बसली. सामान बाहेर काढताना फोटोची चौकट पडली, काच फुटली. मागचा पुठ्ठा सुटला आणि आतून दुसरा फोटो निघाला. पोस्टकार्डाएवढा. बराकीच्या पुढं उभे आठ जण, अंगात जाड कोट, मागं डोंगराची कड. नाना कडेला. पाठीमागं जांभळ्या शिक्क्याचा अर्धा गोल आणि शाईनं लिहिलेलं : सेप., मग पाच आकडे, नानांचं नाव, २/५ एम. एल. आय., पी. डब्ल्यू. खाली पी. जी. ९१, आणि पी. एम. म्हणून आणखी चार आकडे.

ते पाच आकडे बघून मी तिथंच मातीत बसलो. नानी सोप्यात निजायची, त्याच भिंतीला. नंबर तिच्या डोक्यावर टांगलेला होता.

माझं शिक्षण दहावी. पण तुटक्या अक्षरांची मला भीती नाही, कारण शेतकऱ्याला सातबारा वाचावा लागतो. वडील वारले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. उताऱ्यावर माझ्या नावापुढं 'अ. पा. क.' लागलं आणि त्यापुढं नानांचं नाव. अज्ञान पालन कर्ता. त्याआधी नानांच्या नावापुढं 'ए. कु. मॅ.' असायचं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. 'पो. ख.' म्हणजे पोटखराबा. आणि 'ता.' कधी तालुका असतो, कधी तारीख. शेजारी गावाचं नाव आहे का आकडा, हे बघून ठरवायचं. हीच रीत मी फोटोला लावली.

शेजारच्या गावात एक पेन्शनर सुभेदार राहतात. फोटो घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून खालची ओळ वाचली आणि माझ्याकडं असं बघितलं की मला ओशाळल्यासारखं झालं. "दोन मे? अहो, हे टू फाईव्ह. पाचवी मराठा लाईट इन्फंट्री, तिची दुसरी बटालियन."

त्यांनी समजावलं ते असं. आधी मराठ्यांच्या पलटणींना १०३, १०५, ११० असे मोठे नंबर होते. १९२२ साली इंग्रजांनी त्यांची एक रेजिमेंट केली, तिला नंबर दिला पाच. जुन्या १०३ ची झाली १/५, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५. जुनी ११४ झाली १०/५, ती रंगरूट तयार करायची, बेळगावला. वरचा आकडा बटालियनचा, खालचा रेजिमेंटचा. कॉय. म्हणजे कंपनी. सेप. म्हणजे सिपाही. खुर्च्यांवरचे आपले लोक व्ही. सी. ओ., म्हणजे व्हाइसरॉयनं नेमलेले सुभेदार-जमादार. त्यांनाच स्वातंत्र्यानंतर जे. सी. ओ. म्हणायला लागले. आणि सिपाही लोकांचे नंबर तेव्हा रेजिमेंटवार असायचे. एकच नंबर मराठ्यात एकाला, जाटात दुसऱ्याला. नुसता नंबर सापडून भागत नाही, शेजारी रेजिमेंट लागते. आमच्याकडं निम्मं उत्तर पहिल्या फोटोवर उघड्यावर होतं, निम्मं दुसऱ्याच्या पाठीवर.

मग त्यांनी पी. डब्ल्यू. वर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणला. "प्रिझनर ऑफ वॉर. युद्धकैदी."

२/५ कुठं कैद झाली, ते सुभेदारांना पाठ होतं. आफ्रिकेत, लिबियातलं तोब्रुक बंदर. त्याच्या भोवती वाळवंटात पन्नासएक किलोमीटरचा वेढा होता, काटेरी तारा, सुरुंग, रणगाडे अडवायचा चर. त्या वेढ्याचा आग्नेय कोपरा मराठ्यांच्या २/५ कडं. आदल्या वर्षी हेच बंदर महिनोन्महिने टिकलं होतं. पण त्यानंतर इथले बरेच सुरुंग उपसून दुसऱ्या आघाडीवर नेले होते, आणि चर जागोजाग वाळूनं बुजला होता. २० जून १९४२ ला पहाटे जर्मनांची विमानं त्याच कोपऱ्यावर आली. मागोमाग तोफा, मग रोमेलचे रणगाडे. मराठ्यांच्या फळीतूनच ते आत घुसले आणि संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचले. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, तिथले मुख्य सेनापती क्लॉपर, ते दक्षिण आफ्रिकेचे, त्यांनी शरणागती दिली. ३३,००० च्या आसपास माणूस कैद झाला. रोमेल त्या विजयावर फील्डमार्शल झाला.

हत्यार खाली ठेवायचा हुकूम सेनापतीचा. आपल्या घराच्या उंबऱ्यावर मात्र एकटा सिपाही उभा राहतो, आणि 'हात वर केले' हा शब्द त्याच्या एकट्याच्या कपाळी येतो. ज्या गावात मेलेल्यांची पाटी आहे, तिथं जिवंत परत आलेल्या कैद्यानं काय सांगावं? त्यापेक्षा खडी बरी. नानांनी ती निवडली असं मला वाटतं.

पी. जी. ९१ वर मी महिनाभर अडकलो. पेज नंबर ९१ असेल असं धरून एका निवृत्त क्लार्कनं मला रजिस्टर शोधायला सांगितलं. अक्षरं इंग्रजी दिसतात म्हणून भाषा इंग्रजीच, या समजुतीत आम्ही सगळे होतो. पुतण्यानं मोबाईलवर बघितलं तेव्हा उलगडलं की ते इटालियन आहे. प्रिजोनिएरो दी ग्वेर्रा, युद्धकैदी. म्हणजे एकाच कागदावर तीच गोष्ट दोनदा लिहिलेली, एकदा पकडलेल्यांच्या भाषेत आणि एकदा पकडणाऱ्यांच्या. पी. एम. म्हणजे पोस्ता मिलितारे, लष्करी टपाल. ९१ नंबरची छावणी अवेझ्झानोला, रोमच्या पूर्वेला अब्रुझ्झो नावाच्या डोंगराळ मुलखात. तिथं हिंदी सिपाही ठेवत. फोटोतली डोंगराची कड तीच. जांभळा शिक्का त्यांच्या सेन्सॉरचा.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं दोस्तांशी तह केल्याचं जाहीर झालं आणि छावण्यांवरचा पहारा ढिला पडला. कित्येक कैदी डोंगरात निघून गेले, कित्येकांना जर्मनांनी धरून पुढं नेलं. पळालेल्यांना तिथल्या शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी गोठ्यात लपवलं, खाऊ घातलं. आसरा देणाऱ्याला जर्मन गोळी घालत, तरी घातलं. त्या मुलखात मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा लाकडी फळीवर ओतून घरातली सगळी माणसं भोवतीनं खातात, अजूनही. पुतण्यानं त्याचा फोटो दाखवला. पाटावर पसरलेलं पिवळं पिठलं बघून माझ्या तोंडून शब्द फुटेना. नानांनी आम्हाला सगळं सांगितलं होतं. फक्त त्या म्हातारीचं गाव कुठल्या देशात, एवढं वगळलं होतं.

ही गोष्ट फुटली तशी माणसं पिशव्यांतून फोटो घेऊन यायला लागली. त्यात मी ठेचा खाल्ल्या, त्या सांगतो. एम. ई. एफ. हे मी एकाला मिडल ईस्ट फोर्सेस म्हणून सांगितलं, आणि नंतर बघतो तर फोटो १९१५ चा. पहिल्या लढाईत तीच अक्षरं मेडिटेरेनियन एक्स्पिडिशनरी फोर्ससाठी, म्हणजे गॅलिपोलीकडची सेना. पुन्हा त्याच्या घरी जाऊन चूक कबूल करावी लागली. तेव्हापासून आधी कपडे बघतो, बंदूक बघतो, मग अक्षरं. आय. ई. एफ. डी दिसलं तर मेसोपोटेमिया, पहिल्या लढाईतला आजचा इराक. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ पलटणी कुत नावाच्या गावात वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथंही सेनापतीनं शरणागती दिली. तेही कैदीच. सी. एम. एफ. म्हणजे सेंट्रल मेडिटेरेनियन फोर्स, दुसऱ्या लढाईतली इटली. त्याच्यासोबत ३/५ असेल तर नाईक यशवंत घाडगे यांची पलटण, १० जुलै १९४४ ला तायबर नदीच्या खोऱ्यात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे. १/५ असेल तर सिपाही नामदेव जाधव यांची, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी, व्हिक्टोरिया क्रॉस. अशा घरची माणसं छाती काढून परत जातात. २/५ वाल्यांना मी चहा पाजतो.

फोटो चौकटीतून काढा, पण पुठ्ठ्याला चिकटलेला असेल तर ओढू नका. एका घरात त्या नादात लिहिलेलंच सोलून निघालं. पेन्सिलीचं पुसट अक्षर समोरून दिसत नाही, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात धरलं की उठतं.

तसंच धरून मी मोठ्या फोटोतली डोक्यावरची अक्षरं वाचली. ती नावांची नव्हती. नानांच्या डोक्यावर पी. डब्ल्यू. दोघांवर के., मारले गेले. पाचांवर पी. डब्ल्यू. एकावर एम., बेपत्ता. आणि एकावर तीन अक्षरं, डी. ओ. डब्ल्यू. जखमांनी मेला, पण लगेच नाही, नंतर. वळण नानांचंच. त्या काळी सिपायांना पलटणीत रोमन अक्षरांत हिंदुस्थानी लिहायला शिकवत, त्यामुळं मराठी चौथीसुद्धा न झालेला माणूस इंग्रजी अक्षरं काढू शके. म्हणजे नाना कधीतरी, आम्ही कुणी घरात नसताना, चौकट उतरवून मागून खिळे काढून, एकेका डोक्यावर अक्षर लिहून परत टांगून बसले होते. आपल्याही.

मास्तरांना पी. डब्ल्यू. खरंच पब्लिक वर्क वाटलं का? मला नाही वाटत. आदल्या कार्डावरचं इंग्रजी त्यांना बरोबर लागलं होतं. लढाईच्या दिवसांत रोज येणारं वर्तमानपत्र गावात तेच वाचायचे, 'प्रिझनर' हा शब्द त्यांना माहीत असणारच. समोर अंथरुणाला खिळलेली बाई होती. त्यांनी तिला उठवलं. त्या उठवण्याची किंमत साठ वर्षांनी नानीनं एसटीच्या भाड्यात भरली, पण हा हिशोब मी मास्तरांच्या नावावर टाकत नाही. बराच काळ टाकत होतो.

गेल्या वर्षी एक म्हातारी आली, नातवाच्या मोटरसायकलवर बसून, दोन गावं ओलांडून. वय पंच्याऐंशीच्या घरात. तिनं ऐकलं होतं की बी कंपनीचा फोटो माझ्याकडं आहे. तिचा बाप त्यात होता, पुढच्या ओळीत, गुडघ्यावर हात ठेवून. तिनं त्याला कधी बघितलं नव्हतं, एक दुसरा फोटो बघून ओळखलं. त्याच्याच डोक्यावर ती तीन अक्षरं.

"आईला सांगितलेलं, गोळी लागली आन् जागच्या जागी गेलं. तरास झाला न्हाई," ती म्हणाली. "हे वर काय लिवलंय?"

फोटो माझ्या हातात होता. ऊन तिरपं होतं, अक्षरं चांगली उठली होती.

"आत्या," मी म्हणालो, "लढाईत गेलेल्यांवर खूण केलीय. तोब्रुकला."

तिनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग मला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला सांगितलं. नातवानं फोटो तालुक्याला नेऊन झेरॉक्स काढून आणली, तोवर ती सोप्यात बसून राहिली. झेरॉक्समध्ये पेन्सिल उमटली नव्हती. जाताना तिनं कनवटीचे दहा रुपये माझ्या हातावर ठेवले. नको म्हणालो तर रागावली, म्हणून घेतले.